‘गुळगुळीत’ या शेऱ्याविरुद्ध

पूर्वपक्ष आधी नीट मांडायला हवा, कारण तो मांडणाऱ्यांचे कान कच्चे नाहीत.

गिटारवादक पॅट मेथिनीच्या ‘पॅट मेथिनी ग्रुप’चा ‘स्टिल लाइफ (टॉकिंग)’ हा अल्बम १९८७ साली निघाला, आणि तेव्हापासून जॅझच्या जाणकारांत त्याच्याविषयी एक मत घट्ट बसलं आहे. संगीत गोड आहे, वादकांचे हात तयार आहेत, ध्वनिमुद्रण नितळ आहे, हे सगळे मान्य करतात. पण खाली ब्राझीलचा ठेका, मधे सिंथेसायझरचा मऊ थर, त्यावर शब्द नसलेलं गायन आणि या सगळ्यावरून अलगद घरंगळणारी गिटार, यात पणाला लागलेलं असं काहीच नाही, असं हे मत सांगतं. जॅझचा वादक दर मैफिलीत तोंडघशी पडण्याची जोखीम घेतो. इथे सगळं आधीच घासूनपुसून ठेवलेलं. हॉटेलच्या लॉबीत वाजत असलं तरी कुणाच्या गप्पा थांबणार नाहीत. मुंबई-पुण्यात जॅझ ऐकणारी जी मोजकी मंडळी आहेत, त्यांच्याकडूनही मी हेच ऐकत आलो आहे. एका शब्दात सांगायचं तर शेरा असा: गुळगुळीत.

या मताची सर्वांत धारदार बाजू मात्र वेगळीच आहे. मेथिनीला दुसरं काही जमत नसतं तर कुणी इतकं मनावर घेतलं नसतं. पण याच माणसाने आदल्या वर्षी ऑर्नेट कोलमनबरोबरचा ‘साँग एक्स’ प्रसिद्ध केला होता. मुक्त जॅझचा हा आद्य पुरुष, सोबत बासवर चार्ली हेडन, ड्रम्सवर जॅक डिजॉनेट आणि ऑर्नेटचा मुलगा डेनार्डो. संगीत असं की पहिल्याच तुकड्याला घरातली माणसं दार लावून घेतील. ‘साँग एक्स’ वाजवणारा वादक वर्षभरात ‘स्टिल लाइफ’मधली ‘लास्ट ट्रेन होम’ घेऊन येतो, तेव्हा चाहत्याला फसवल्यासारखं वाटतं. त्यातून एक सोयीची उपपत्ती निघाली: मेथिनी दोन आहेत. एक गंभीर, तो त्रिकुटात किंवा ऑर्नेटच्या शेजारी उभा असतो. दुसरा लोकप्रिय, तो स्वतःच्या ग्रुपसमोर असतो आणि पहिल्याचा खर्च भागवतो.

मला ही उपपत्ती चुकीची वाटते आणि ‘गुळगुळीत’ हा शेराही चुकीचा वाटतो. दोन्हींचं मूळ एकच आहे: हा अल्बम कशाचा आहे हे ठरवताना त्याच्या पृष्ठभागाचा पोत पाहिला गेला, त्याखालची लय आणि बांधणी कुणी मोजली नाही.

एक गोष्ट सुरुवातीलाच बाजूला ठेवतो. या अल्बमला पुढच्या वर्षी जॅझ-फ्यूजनच्या विभागात ग्रॅमी मिळालं आणि अमेरिकेत तो ‘गोल्ड’ ठरण्याइतका खपला. त्याचे चाहते वादात हे दोन पत्ते पहिल्यांदा टाकतात. त्यांनी काहीच सिद्ध होत नाही. उलट आक्षेपकाचं म्हणणं हेच आहे की हे खपण्यासाठी केलेलं संगीत आहे. खंडन करायचं तर संगीतातूनच करावं लागेल.

पण संगीताकडे जाण्याआधी ते वर्ष पाहू. १९८७ हे अमेरिकन जॅझच्या इतिहासातलं विलक्षण वर्ष आहे. त्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमध्ये ‘क्लासिकल जॅझ’ नावाची मैफिलींची मालिका सुरू झाली. ट्रम्पेटवादक विंटन मार्सालिस तिचा कलात्मक सल्लागार होता आणि तिच्यातूनच पुढे ‘जॅझ ॲट लिंकन सेंटर’ ही संस्था उभी राहिली. त्याच वर्षी अमेरिकन काँग्रेसने मिशिगनचे प्रतिनिधी जॉन कॉन्यर्स यांनी आणलेला ठराव संमत केला आणि जॅझ हा राष्ट्राचा दुर्मीळ, मौल्यवान ठेवा असल्याचं जाहीर केलं. ही मान्यता यायला फार उशीर झाला होता, ती हवीच होती. कृष्णवर्णीय कलावंतांनी उभी केलेली एवढी मोठी कला वर्षानुवर्षं क्लबांच्या तळघरांत ठेवली गेली होती. पण एखादी परंपरा वारसा म्हणून जाहीर झाली की तिच्या दारावर पहारा बसतो, आणि प्रत्येक नव्या वस्तूला पहिला प्रश्न विचारला जातो तो आत-बाहेरचा. हे जॅझ आहे का? ब्लूज आहे का? स्विंग आहे का? ‘स्टिल लाइफ’ने या प्रश्नांना सरळ उत्तर दिलं नाही, आणि पहारेकऱ्याने पुढचा प्रश्न विचारला नाही.

दुसरीकडे, त्याच वर्षी १४ फेब्रुवारीला लॉस एंजेलिसमधल्या एका जुन्या रॉक रेडिओ केंद्राने कात टाकली आणि ‘द वेव्ह’ या नावाने मऊ, शांतवणारं वाद्यसंगीत लावायला सुरुवात केली. पुढे याच साच्याला ‘स्मूद जॅझ’ हे नाव रुळलं आणि देशभर अशी केंद्रं निघाली. ऑफिसात, गाडीत, दातांच्या डॉक्टरकडे लावून ठेवायचं संगीत त्यांना हवं होतं. मेथिनी ग्रुपमधून त्यांनी आपल्याला हवं ते उचललं, प्रामुख्याने ‘लास्ट ट्रेन होम’. अल्बममध्ये ७ रचना आहेत; रेडिओने त्यातली एक वाजवत ठेवली. नऊ मिनिटांची ‘मिन्युआनो’ किंवा साडेआठ मिनिटांची ‘थर्ड विंड’ त्या साच्यात बसणारी नव्हतीच.

अशा रीतीने एका बाजूने वारशाच्या राखणदारांनी अल्बम बाहेर ठेवला आणि दुसऱ्या बाजूने रेडिओने त्याला आपला म्हणून उचलून घेतलं. दोघांचा निवाडा एकच निघाला. पुढच्या समीक्षेने हा निवाडा जवळजवळ तसाच पुढे चालवला. २००० साली मेथिनीने केनी जी या सॅक्सोफोनवादकावर कडाडून टीका केली. लुई आर्मस्ट्राँगच्या मृत्यूनंतर त्याच्या जुन्या ध्वनिमुद्रणावर स्वतःचं वादन चढवल्याबद्दल त्याने केनी जीची अशी हजेरी घेतली की ते शब्द आजही जॅझच्या वर्तुळात निघतात. तरीही दुकानांच्या फळ्यांवर दोघांच्या तबकड्या शेजारी-शेजारी राहिल्या.

आता लय.

स्मूद जॅझची ओळख गोडव्याने होत नाही, ती ठोक्याने होते. चार मात्रांच्या आवर्तनात दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर स्नेअरचा जाड, न बदलणारा आघात; त्यावर सॅक्सोफोनची छोटी सुरावट; चारेक मिनिटांनी आवाज विरत नेऊन शेवट. हा ठोका ऐकणाऱ्याला सांगतो की पुढे काही होणार नाही, तू तुझं काम कर. ‘स्टिल लाइफ’ची पहिलीच रचना, ‘मिन्युआनो’, या ठोक्याला जवळ फिरकू देत नाही. तिच्या नावातच कंसात ‘सिक्स एट’ असं लिहिलेलं आहे: सहा-आठचा ताल. आपल्या कानाला हा हिशेब सोपा आहे. दादऱ्याच्या सहा मात्रा तीन-तीन अशा दोन गटांत मोजता येतात. त्याच सहा, दोन-दोन अशा तीन गटांतही मोजता येतात. ‘मिन्युआनो’ या दोन मोजण्यांच्या मधे उभी आहे. पॉल वर्टिकोची काठी झांजेवर बारीक, अखंड वीण विणत राहते. आर्मांदो मार्सलची तालवाद्यं दुसऱ्या गटाकडे खेचतात. स्टीव्ह रॉडबीचा बास कधी याच्या बाजूने, कधी त्याच्या. पाय कुठे आपटायचा हे श्रोत्याला पुन्हापुन्हा ठरवावं लागतं. वरची सुरावट इतकी सहज वाटते की खाली चाललेली ही ओढाताण पहिल्या ऐकण्यात लक्षातच येत नाही. ती लक्षात येऊ न देण्यात या मंडळींचं कसब आहे, आणि समीक्षकांनी नेमकं तेच कसब नसल्याचा पुरावा मानलं.

‘मिन्युआनो’ची बांधणी थोडी सविस्तर पाहण्यासारखी आहे, कारण ‘सगळं घासूनपुसून ठेवलेलं’ या आक्षेपाचा निकाल इथेच लागतो. आरंभ संथ आहे. मूळ सुरावट येण्याआधी बराच वेळ नुसतं आभाळ भरून येत राहतं. मग ठेका लागतो, गिटार आणि गळे मिळून सुरावट मांडतात. त्यानंतर मेथिनीचा सोलो. तो ऐकताना एक गोष्ट पाहावी: तो सुरावटीचा शेवटचा तुकडा हातात घेऊन निघतो, त्याला वळवतो, लांबवतो, अर्ध्यावर सोडून देतो, पुन्हा उचलतो. बोटांची करामत दाखवण्यासाठी टाकलेला एकही तुकडा त्यात नाही. आणि मग, जिथे दुसऱ्या कुणीही सुरावटीकडे परत जाऊन टाळ्या घेतल्या असत्या, तिथे गिटार थांबते आणि मारिंबाच्या लाकडी सुरांचा एक पूर्ण लिहिलेला खंड सुरू होतो. छोटे छोटे तुकडे एकमेकांच्या फटींत बसत जातात, एक थर, दुसरा थर. गती तीच, पण वजन वाढत जातं, आणि त्या वजनानेच सुरावट परत ओढून आणली जाते. हा खंड काढून टाकला तर रचना अर्ध्यावर मोडेल. त्याला सजावट म्हणणारा माणूस घराच्या तुळईलाही सजावट म्हणेल.

असे गुंतलेले लाकडी थर ऐकले की संगीतकार स्टीव्ह राइशची आठवण होते, आणि ती आठवण निराधार नाही. १९८७ च्याच नोव्हेंबरमध्ये ब्रुकलिन ॲकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये राइशच्या ‘इलेक्ट्रिक काउंटरपॉइंट’चा पहिला प्रयोग झाला. ही रचना राइशने मेथिनीसाठी लिहिली होती: आधी ध्वनिमुद्रित केलेल्या गिटारींच्या थरांसमोर एक गिटारवादक प्रत्यक्ष वाजवतो. तिला कुणी गुळगुळीत म्हटलं नाही. ती मैफिलीच्या सभागृहात झाली, संगीतकाराचं नाव वजनदार होतं, म्हणून तिचे थर मोजले गेले.

ब्राझीलचा मुद्दाही असाच वरवर पाहून निकालात काढला जातो. ‘ब्राझीलचा ठेका’ म्हटलं की आक्षेपकाच्या मनात बोसा नोवा येतो: रिओचा समुद्रकिनारा, दोन मात्रांची डुलती चाल, साठच्या दशकातलं उच्च मध्यमवर्गीय सुख. मेथिनीची ओढ तिकडे नव्हती. त्याचा संबंध मिनास जेराइस या आतल्या, डोंगराळ प्रांताच्या संगीताशी होता. मिल्टन नासिमेंतो, लो बोर्जेस, टोनिन्यो होर्ता आणि त्यांच्या सोबत्यांनी तिथे एक वेगळंच संगीत उभं केलं. १९७२ चा ‘क्लूब दा एस्कीना’ हा जोड-अल्बम त्याचा पाया. त्यात बीटल्स आहेत, जॅझ आहे, तिथल्या चर्चमधल्या समूहगायनाची छाया आहे, आणि तीन मात्रांची ओढ आहे. बोसा नोवापेक्षा हे संगीत अधिक गहिरं आणि अधिक दुखरं आहे. मेथिनीने होर्ताच्या १९८० च्या अल्बमवर वाजवलं होतं. सॅक्सोफोनवादक वेन शॉर्टरने १९७५ साली नासिमेंतोला घेऊन ‘नेटिव्ह डान्सर’ केला तेव्हा जॅझच्या जगाने त्याचं स्वागतच केलं. मार्सलसुद्धा पाहुणा म्हणून आणून बसवलेला रंग नव्हता. त्याचे आजोबा आणि वडील दोघेही रिओच्या सांबाच्या इतिहासातली मोठी नावं. तो त्या घराण्याचा तिसरा पुरुष.

आणि या मिनासमुळेच शब्दविरहित गायनाचा प्रश्न मला सगळ्यांत जिव्हाळ्याचा वाटतो. डेव्हिड ब्लामायर्स आणि मार्क लेडफर्ड या दोघांचे गळे या अल्बमवर पहिल्यांदा ग्रुपमध्ये आले. त्यांचं गायन पुष्कळ समीक्षकांना लिफ्टमधल्या संगीतासारखं पोकळ वाटलं. शब्द नाहीत म्हणजे सांगायचं काही नाही, अशी त्यामागची समजूत. ती किती चुकीची आहे हे मिनासच्याच संगीतातून दिसतं. १९७३ साली ब्राझीलमध्ये लष्करी राजवट होती आणि नासिमेंतोच्या ‘मिलाग्रे दोस पेशेस’ या अल्बममधल्या अनेक गाण्यांचे शब्द सरकारी परीक्षकांनी अडवले. त्याने गाणी मागे घेतली नाहीत. शब्द काढून टाकले आणि नुसत्या गळ्याने, आकारांनी, हाकांनी, किंकाळ्यांनी तीच गाणी गायली. सगळ्यांना कळलं की काय गाळलं आहे. मेथिनी ज्या गायनाकडून शिकला त्याच्या पाठीशी हा इतिहास आहे. शब्द नसलेला गळा तिथे भरलेला आहे.

जॅझच्या स्वतःच्या घरातही हे नवं नव्हतं. ड्यूक एलिंग्टनच्या १९२७ च्या ‘क्रिओल लव्ह कॉल’मध्ये ॲडलेड हॉल एकही शब्द न गाता ट्रम्पेट-क्लॅरिनेटच्या रांगेत आपला गळा उभा करते. आणि ख्यालाचा आलाप ऐकत वाढलेल्या आपल्या कानाने तर हा आक्षेप उसना घेण्याचं काहीच कारण नव्हतं. आलापात शब्द कुठे गेले, असं आपण विचारत नाही.

लिहिलेलं जास्त आणि सुचलेलं कमी, हा आक्षेप सगळ्यांत प्रतिष्ठित. त्याला दोन उत्तरं आहेत. पहिलं ऐतिहासिक. एलिंग्टनच्या महत्त्वाच्या रचनांत लिहिलेल्याचा वाटा मोठा आहे, आणि त्याच्या वादकांचे काही सोलो वर्षानुवर्षं जवळजवळ तसेच वाजत राहिले. गिल एव्हान्सने माइल्स डेव्हिससाठी केलेल्या ‘स्केचेस ऑफ स्पेन’वर १९६० साली हाच वाद झाला होता, आज तो अल्बम अभिजात मानला जातो. म्हणजे लिहिलेलं असणं हा जॅझमध्ये कधीच गुन्हा नव्हता, कुणी लिहिलं यावर शिक्षा ठरत होती. दुसरं उत्तर थेट अल्बममधून: ‘थर्ड विंड’ लावा. तिची लय अशी आहे की ती धरून ठेवणंच मुळात कसोटी आहे. त्यावर मेथिनी जो सोलो घेतो त्यात तो कोपऱ्यांत शिरतो, अडकतो, बाहेर निघतो. गळ्यांचा आणि तालवाद्यांचा लोंढा येतो, मग चाल बदलून रुंद होते आणि तिच्यावर गिटार-सिंथेसायझरचा तो ट्रम्पेटसारखा, फाटत जाणारा आवाज चढतो. हे कुणी लॉबीत लावलं तर गप्पा थांबतील, याची मला खात्री आहे.

इथे एक तुलना आक्षेपकांच्या बाजूने जाते असं वाटू शकतं, म्हणून तीही करतो. वेस मॉन्टगोमेरी हा मेथिनीचा दैवतासमान गिटारवादक. आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत, ‘अ डे इन द लाइफ’सारख्या १९६७ च्या अल्बमांवर, तंतुवाद्यांच्या ताफ्यासमोर लोकप्रिय गाण्यांच्या चाली वाजवल्याबद्दल त्याच्यावर बाजारूपणाचा आरोप झाला. तो आरोप पूर्ण खरा नसला तरी त्यात तथ्य होतं: तिथे वेसचे सोलो आखूड झाले, इतरांनी लिहिलेल्या चौकटीत तो पाहुण्यासारखा वावरला. मेथिनीचं प्रकरण याच्या नेमकं उलट आहे. चौकट त्याची आणि ग्रुपचा कीबोर्डवादक लाइल मेज याची स्वतःची आहे, आणि ती सोलोला जागा देण्यासाठी वाढवलेली आहे. बाहेरून दोन्ही अल्बम ‘मऊ’ दिसतात. आत एकात वादक आकुंचन पावला आहे आणि दुसऱ्यात विस्तारला आहे.

दोन मेथिनींच्या उपपत्तीकडे परत येतो. ती टिकायची तर ऑर्नेट कोलमन त्याच्या आयुष्यात १९८५-८६ मध्ये अचानक आलेला असायला हवा. तसं नाही. १९७६ च्या ‘ब्राइट साइझ लाइफ’ या पहिल्याच अल्बमचा शेवट ऑर्नेटच्या दोन चालींनी होतो. १९८० च्या ‘८०/८१’वर ऑर्नेटची ‘टर्नअराउंड’ आहे, आणि ऑर्नेटचे जुने साथीदार चार्ली हेडन व ड्यूई रेडमन तिथे वाजवतात. १९८४ चा ‘रिजॉइसिंग’ तर हेडन आणि बिली हिगिन्स यांच्याबरोबर केलेला, निम्म्याहून कमी का होईना, ऑर्नेटच्याच चालींचा. या माणसाकडून मेथिनी काय शिकला? गोंगाट नव्हे. ऑर्नेट टेक्सासमधल्या फोर्ट वर्थचा, त्याच्या चाली लहान मुलाने गुणगुणाव्यात इतक्या साध्या. सोलो त्या चालीच्या पोटातून निघतो, खालच्या कॉर्डच्या हिशेबातून नाही. ‘सो मे इट सिक्रेटली बिगिन’मधला सोलो या कानाने ऐका. खाली कॉर्ड आहेत, त्या पाळल्याही जातात, पण वाक्य सुरावटीचं आहे आणि ते पूर्ण होईपर्यंत तो श्वास घेत नाही. मिसुरीतल्या लीज समिटसारख्या छोट्या गावात वाढलेल्या मुलाला ती साधी चाल ओळखीची वाटली असणार. ‘साँग एक्स’ आणि ‘स्टिल लाइफ’ हे दोन चेहरे नाहीत. एकच प्रश्न त्याने दोन खोल्यांत विचारला आहे: साध्या चालीला किती दूर नेता येतं?

राहिली ‘लास्ट ट्रेन होम’, जिच्यामुळे इतकं सगळं झालं. वर्टिको ब्रशने स्नेअरवर आगगाडीचा ठेका धरतो आणि शेवटपर्यंत सोडत नाही. त्या द्रुत, अखंड खडखडाटावर सुरावट अतिसंथ चालते. दूरचे डोंगर हळू सरकावेत आणि रुळांलगतचे खांब झपाट्याने मागे जावेत तशी. सुरावट वाजते इलेक्ट्रिक सितारवर. हे साठच्या दशकात अमेरिकेत कोरल या नावाने निघालेलं गिटारसारखं वाद्य, रुंद सपाट घोडीमुळे तारेला जवारीसारखी झिणझिण देणारं. मिरजेत तंबोऱ्याची जवारी जुळवणारा कारागीर ते ऐकून हसेल, आणि त्याचं बरोबरच आहे; सितार म्हणून त्यात काही नाही. पण मेथिनी ते सितारची नक्कल करायला वापरत नाही. त्याला हवा आहे तो एक किंचित गंजलेला, लांबून येणारा आवाज, आणि तो त्याला मिळतो. गळे फार उशिरा येतात. रचना लहान आहे, साधी आहे, उत्तम आहे. २०१५ मध्ये जपानी ‘जोजोज् बिझार ॲडव्हेंचर’ या ॲनिमे मालिकेच्या एका पर्वाच्या शेवटी ती वाजू लागली आणि १९८७ मध्ये जन्मलेलीही नव्हती अशी मुलं तिच्यापाशी आली. रेडिओचा पूर्वग्रह त्यांच्या कानावर नव्हता.

आक्षेपकांना काही द्यायला हवं, आणि मी ते मनापासून देतो. ‘(इट्स जस्ट) टॉक’ मला अल्बममधली सगळ्यांत अशक्त रचना वाटते. तिथे ठेका खरोखरच फक्त सुखकर आहे आणि आक्षेप बरोबर लागू पडतो. सिंथेसायझरचे काही थर त्यांच्या दशकाचे झाले आहेत. गळ्यांना दिलेला घुमारा काही जागी जास्त आहे. पण सात रचनांपैकी एका रचनेवर आणि ध्वनिमुद्रणाच्या काही सवयींवर लागू पडणारा आक्षेप संपूर्ण अल्बमवर पसरवणं ही समीक्षा नाही.

आणि या पसरवण्यात सगळ्यांत मोठा अन्याय लाइल मेजवर झाला. दोन मेथिनींच्या वादात त्याचं नाव कुणी घेत नाही. ‘मिन्युआनो’ आणि ‘थर्ड विंड’ या अल्बममधल्या दोन्ही मोठ्या रचना त्याने मेथिनीबरोबर मिळून केल्या आहेत. शेवटून दुसरी ‘डिस्टन्स’ ही तर त्याची एकट्याची: पावणेतीन मिनिटांची, गुणगुणता येईल अशी चाल नसलेली, काळोखी. खपण्यासाठी केलेल्या अल्बममध्ये अशी रचना कुणी ठेवत नाही. समीक्षकांनी तिला मधला भरणा समजून ओलांडलं. पण तिच्या काळोखानंतर ‘इन हर फॅमिली’ उघडते तेव्हा तो उजेड परवडतो; ‘डिस्टन्स’ नसती तर तोच शेवट खरोखर गोडमिट्ट झाला असता. मेज १० फेब्रुवारी २०२० रोजी गेला. ‘द वे अप’ या २००५ च्या अल्बमनंतर ग्रुपने स्टुडिओत पुन्हा काही केलं नव्हतं.

तबकडी बेचाळीस मिनिटांची आहे. ज्यांनी तिच्याबद्दल मत करून ठेवलं आहे त्यांना माझी एवढीच विनंती: एकदा ती ‘मिन्युआनो’पासून क्रमाने ऐका, सहा मात्रा बोटांवर मोजून पाहा, आणि ‘डिस्टन्स’ गाळू नका.